मुलांची शैक्षणिक ॲप्स वापरताना या चुका टाळा

टॅब आला की त्याच आठवड्यात ॲप टाकायचं, मुलांच्या हातात द्यायचं आणि पालकसभेत रिपोर्ट दाखवायचा, ही घाई आता बघवत नाही. विषय साधनव्यक्ती, म्हणजे शाळांतल्या शिक्षकांना मदत करणारी, म्हणून मी मालवण-वेंगुर्ल्याकडच्या शाळांतून फिरते. दोन शिक्षकी शाळा असो की मोठी, चुका त्याच. ॲप कुठल्या विचारावर बेतलंय हे कुणी विचारत नाही आणि मूल त्यावर नेमकं काय करतंय हे कुणी बघत नाही.

हिरवं झालं म्हणजे आलं, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. एका शाळेत बाईंनी कौतुकाने तिसरीचा रिपोर्ट दाखवला. हातच्याच्या वजाबाकीत एका मुलाचे सगळे तारे पूर्ण. मी त्याच्या पाठीमागे जाऊन बसले. स्क्रीनवर गणित यायचं, खाली चार पर्याय. त्याचा अंगठा पहिल्यावर, लाल, दुसऱ्यावर, लाल, तिसऱ्यावर हिरवं, की टाळ्यांचा आवाज आणि तारा. गणिताकडे त्याने पाहिलंही नव्हतं. विचारलं तर सरळ म्हणाला, "लाल झाला काय खालचा दाबूचा. हिरवा गावताच."

वहीत ५२ वजा २७ घातलं. त्याने ३५ लिहिलं. एककात दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. ही चूक आळसाची नाही, त्यामागे एक नियम आहे: मोठ्यातून लहान वजा करायचं. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये अशा चुकांची यादीच मांडली आणि मुलाच्या उत्तरांवरून त्याच्या डोक्यातला चुकीचा नियम ओळखणारा संगणक प्रोग्रॅम केला. ते काम होऊन इतकी वर्षं झाली, तरी आपली ॲप्स ३५ला नुसती लाल करून मोकळी होतात.

वर अशी ॲप्स 'स्किनरच्या पद्धतीची' म्हणून खपवली जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसला होता. आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही आणि सगळ्यांना एकाच वेगाने ओढलं जातं, हे त्याला खटकलं. पुढच्या वर्षी त्याने शिकवण्याचं यंत्र दाखवलं. पर्यायांवर बटण दाबायचं यंत्र सिडनी प्रेसीने १९२०च्या दशकातच केलं होतं, पण स्किनरला पर्याय नको होते. उत्तर मुलाने स्वतः तयार करावं, चुकीचे पर्याय समोर ठेवले तर चुकीचंच पक्कं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. बक्षीस ज्या कृतीला मिळतं ती कृती वाढते. त्या मुलाला बक्षीस मिळत होतं ते बोट खाली सरकवण्याचं, आणि ते तो उत्तम शिकला होता.

माझी सवय साधी आहे. पुठ्ठ्याची एक पट्टी कापून पर्यायांवर धरायची. उत्तर आधी वहीत, मग पट्टी काढायची, मग स्क्रीनला बोट. वेळ जास्त लागतो, दहाऐवजी चारच गणितं होतात. होऊ देत. आणि डेमो दाखवायला कुणी आलं तर बरोबर उत्तरं देत बसू नका, मुद्दाम ३५ टाका. पुन्हा तेच गणित समोर येतं, की दशक मोडून दाखवतात, एवढं बघितलं की ॲपची किंमत कळते.

तारे, नाणी, बॅज

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग प्रत्येक पालकाला माहीत हवा. चित्र काढायला मुळात आवडणाऱ्या बालवर्गातल्या मुलांना आधी प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती चित्रं कमी काढू लागली. न सांगता प्रमाणपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून मूल आपणहून गोष्टी वाचत असेल तर त्याला गोष्टींवर नाणी देणारं ॲप देऊ नका.

स्क्रॅच फळ्यावरून उतरवून घेणं

स्क्रॅच म्हणजे स्क्रीनवर ठोकळे जोडून मांजर वगैरे चित्रं हलवायची, मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा. ती फळ्यावरून उतरवून घेतात, याचा मला मनापासून राग येतो. सेमूर पॅपर्ट जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेसोबत काम करून अमेरिकेत गेला आणि १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्याने मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा केली. मूल काहीतरी घडवताना शिकतं, चुकलेला प्रोग्रॅम दुरुस्त करताना तर सगळ्यात जास्त, हा त्याचा विश्वास. त्याच परंपरेतलं स्क्रॅच २००७ मध्ये आलं. आणि आपण काय करतो, तर फळ्यावर ठोकळ्यांचा क्रम लिहितो नि तीस मुलांकडून तीस सारखी मांजरं चालवून घेतो! मांजर भिंतीत अडकलं की गुरुजी धावत येऊन माऊस हातात घेतात. घेऊ नका. "मांजराला तू काय सांगितलंस, ते मला वाचून दाखव," एवढंच म्हणा आणि थांबा. बहुतेक मुलांना वाचता वाचताच चूक दिसते. नाही दिसली तर एक ठोकळा दाखवा, पण हलवायचा मुलानेच. एका ठोकळ्यावर अर्धी तासिका गेली तरी ती फुकट गेली असं समजू नये.

काही लहान चुका

"आमची मुलगी पाहून शिकणारी आहे, म्हणून व्हिडिओच देतो." शिकण्याच्या अशा शैलींप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच काढला आहे.

अंगणवाडीच्या मुलाला स्क्रीनवर मोजणी देऊ नका. शिंपले, चिंचोके, काजूच्या बिया हातात द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंनी बालवाड्या चालवून दाखवल्या. तेही कोकणच.

पावसात नेटवर्कच्या भरवशावर तासिका ठेवू नका. ऑफलाइन चालतं तेवढंच वापरा आणि टॅब आदल्या दिवशी चार्ज करून ठेवा.

गणपतीनंतर थेट पुढचा धडा उघडणं

ॲपवर धडा पूर्ण झाल्याची खूण असते, म्हणून सुट्टीनंतर सगळे पुढचं बटण दाबतात. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. मधे दिवस जाऊ देऊन पुन्हा आठवलं तर ते जास्त टिकतं, हेही त्यातूनच पुढे आलं. त्या हिशेबाने आपली गणपतीची सुट्टी सोयीचीच आहे. सुट्टीत रोज ॲप उघडायची सक्ती करून आरत्यांच्या वेळी पोराला टॅबपाशी बसवू नका. शाळा भरली की पहिले तीन दिवस नवीन काही नको. जून-जुलैच्या धड्यांतली गणितं उलटसुलट मिसळून घ्या, तीही आधी टॅब बंद ठेवून, वहीत. ज्या मुलांचं जिथे अडेल, तेवढेच धडे त्यांना पुन्हा उघडून द्या.