तापमानाचा काटा सारखा वर-खाली होत असेल तर

गोव्याहून चोर्ला घाट चढून जांबोटीमार्गे बेळगावला येताना इंजिनाच्या तापमानाचा काटा थोडा सरकणे स्वाभाविक आहे. परंतु संकेश्वरकडच्या महामार्गावर एकसारख्या वेगातही तो वर-खाली होत असेल, तर दोष शोधलाच पाहिजे. काटा लाल पट्ट्यात गेल्यास इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतील दाबामुळे उकळते पाणी अंगावर उसळते.

प्रथम थंड इंजिनावर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी पाहावी. ती कमी असल्यास होजपाइप, क्लॅम्प आणि वॉटर पंपापाशी गळती शोधावी. नुसती भर घालून भागत नाही. आत हवा अडकली असेल तर काटा झपाट्याने हेलकावतो, म्हणून ती ब्लीड स्क्रूवाटे, म्हणजे हवा सोडण्याच्या स्क्रूवाटे, काढावी. बोअरचे जड पाणी ओतू नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात.

माझ्या मते सर्वाधिक संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेवर, घ्यावा. तो काढून पातेल्यातील पाण्यात तापवावा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या सुमारास उघडू लागतात आणि नेमका आकडा सहसा त्यावरच कोरलेला असतो. तो अडखळत असेल तर गॅस्केटसह नवा बसवावा.

काटा केवळ गर्दीत चढत असल्यास रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) व फ्यूज तपासावेत. हेडलाइट लावताच काटा हलला, तर बिघाड बहुधा अर्थिंगमध्ये, म्हणजे वायरींच्या गाडीच्या सांगाड्याशी असलेल्या जोडणीत, असतो. गळती न दिसता कूलंट घटत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक व त्यावरचे हेड यांमधील सीलचा) संशय घेऊन गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.