बाहेर बर्फ आणि बेसमेंटात मिरच्या, कसं जमवायचं ते सांगतो

माझा सगळा सेटअप मी एका गांजावाल्याकडून सेकंडहँड घेतला. दचकू नका, इथे कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून ते कायदेशीर आहे, आणि आमच्या ऑंटारियोत एका घरात चार रोपं लावता येतात. (भारतात परवानगीशिवाय एक रोप लावलं तरी १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून गावाकडच्या कोणाला भलत्या आयडिया देऊ नका.) तर त्या माणसाने घरात झाडं वाढवायचा तो तंबू गाडीत ठेवता ठेवता डोळा मारून विचारलं, कुठली व्हरायटी लावणार? मी म्हणलं लवंगी. त्याने फोन काढून स्पेलिंग लिहून घेतलं. अजून शोधत असेल बिचारा.

सांगायचं हे की घरात झाडं वाढवायचं जे सामान मिळतं ना, तंबू, लाईट, कापडी कुंड्या, ते बहुतेक या लोकांसाठीच बनतं आणि त्यांच्यामुळेच स्वस्त झालंय. आपण त्यात ठेच्याची सोय करायची.

आधी लाईट, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर ठरतं. खिडकीत ठेवून बघितलंय मी, डिसेंबरात इथे पावणेपाचला अंधार पडतो आणि दिवसभर जो असतो त्याला उजेड म्हणणं म्हणजे कौतुकच आहे, रोपं उजेडाकडे मान काढून दोऱ्यासारखी लांबुडकी होतात आणि स्वतःच्याच वजनाने आडवी पडतात. त्यामुळे एलईडी ग्रो लाईट लागतोच. खोक्यावर '१००० वॉट' लिहिलेलं असतं त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, प्रत्यक्षात तो शंभर वॉट खेचतो. पॉवर ड्रॉ किती ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते बघायचं, नाहीतर प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो त्यावर मोजायचं. माझा तंबू दोन बाय चार फुटाचा आहे, त्याला खरे २०० वॉट पुरतात, दोन बाय दोनचा असेल तर शंभर.

रोपं बारकी असताना लाईट दोन फूट वर आणि डिमर ३०-४० टक्क्यांवर. मोठी होतील तसा खाली आणत दीड फूट, मग एक फूट. पानं होडीसारखी वर वळायला लागली किंवा शेंड्याची पांढुरकी पडली तर लाईट जास्त झाला, आणि दोन पेरांमधलं अंतर वाढत चाललं तर कमी पडतोय, झाडच सांगतं.

किती तास? मी १४ ठेवतो, संध्याकाळी सातला चालू आणि सकाळी नऊला बंद. उलटं का तर आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते सकाळी सात वीज स्वस्त असते, शेवटचे दोन तास महाग जातात ते सोसायचं. २०० वॉट गुणिले १४ तास म्हणजे दिवसाला २.८ युनिट, महिन्याला ८४. तुमच्या बिलातला दर टाकून गुणाकार करा आणि मगच घरात विषय काढा. रात्री लाईट चालू असल्याचा अजून एक फायदा, घराचं हीटिंग रात्री कमी करतो तेव्हा तंबू लाईटच्या उबेने २४-२५ डिग्रीला राहतो. गांजाला फुलं यायला बारा तास अखंड अंधार द्यावा लागतो म्हणून ते लोक टायमरच्या बाबतीत फार कडक, मिरचीला तसलं काही नसतं, ती चौदा तासांतही फुलते आणि सोळातही. फक्त चोवीस तास चालू ठेवू नका, झाडालाही झोप लागते.

बी कुठून? मी इंडियन स्टोअरच्या सुक्या मिरचीच्या पाकिटातून काढलं. उन्हात वाळवलेली असेल तर बरंचसं रुजतं, भट्टीत तापवलेली असेल तर एकही नाही, आणि ते पाकिटावर बघून कळत नाही. म्हणून आठ-दहा मिरच्यांचं मिळून घ्यायचं. ब्याडगी रंगाला चांगली पण हिरवी खायला मजा नाही. लवंगी तंबूसाठी बेस्ट, झाड आटोपशीर राहतं. भारतातून सामानात बी लपवून आणायच्या भानगडीत पडू नका, विमानतळावर त्याचे नियम आहेत आणि पाच डॉलरच्या पाकिटासाठी दंड भरायला मी तयार नाही.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून छोट्या कपात पाव इंच खोल पेरायचं. त्याला ऊब पाहिजे, माती २५ ते ३० डिग्री, आणि बेसमेंटची फरशी थंडगार, म्हणून खाली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई. ते नसेल तर राऊटरच्या किंवा फ्रिजच्या वर ठेवा, खरंच चालतं. आठ ते चौदा दिवसांत कोंब दिसतो. भूत झोलकियासारखी मंडळी तीन-चार आठवडे घेतात, मेलं समजून फेकू नका.

आता पाणी. इथे सगळे मार खातात, मी पण खाल्ला. पहिल्या वर्षी बावीस रोपं मस्त उगवली होती, मी रोज सकाळी कॉफी घेऊन खाली जायचो आणि प्रेमाने थोडं थोडं पाणी घालायचो, आणि एका शनिवारी बघतो तर अर्धी रोपं जमिनीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन कोलमडलेली, वर पानं हिरवीगार आणि खाली देठ कुजलेला. त्याला मर म्हणतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अरे तू त्यांना बुडवलंस." बुरशीच ती, पण तिला ओली माती आणि बंद हवा मी दिली होती. तेव्हापासून नियम एकच, कप उचलून बघायचा. पाणी घातल्यावर कप जड लागतो तो अंदाज हाताला बसू द्या, आणि फुलासारखा हलका लागेपर्यंत परत घालायचं नाही. वरची माती कोरडी दिसते त्यावर जाऊ नका, खाली ओल असते. घालायचं ते पण ट्रेमध्ये, खालून ओढू द्यायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. आणि एक छोटा पंखा, रोपं जेमतेम हलतील इतकाच वारा. त्याने बुरशी धरत नाही आणि खोडही जाड होतं.

माती बागेतली नको, किडे घेऊन येते आणि कुंडीत दगड होते. कोकोपीट किंवा पॉटिंग मिक्स, त्यात पाव भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे). चार खरी पानं आली (उगवतानाची पहिली दोन धरायची नाहीत) की कपातून मोठ्या कपात, मग साधारण अकरा लिटरच्या कापडी कुंडीत, ज्याला इथे तीन गॅलनची म्हणतात. माझ्या तंबूत अशा चारच मावतात. चार रोपं, कायद्याच्या हिशोबाने पण परफेक्ट.

खत चार पानांनंतर सुरू, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं. फुलं लागली की नायट्रोजन कमी, पोटॅश जास्त, नाहीतर झाड नुसतं माजतं आणि मिरची धरत नाही. रोप सहा-सात इंचाचं झालं की शेंडा खुडायचा, जिवावर येतं पण खुडा, फांद्या फुटतात. पहिली दोन-चार फुलं पण काढून टाकतो मी.

तंबूत मधमाशी नाही, पण मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात त्यामुळे फांदीला टिचकी मारली तरी परागीकरण होतं. मी जुना इलेक्ट्रिक टूथब्रश देठाला टेकवतो, पिवळी धूळ उडताना दिसते. तरीही फुलं गळत असतील तर थर्मामीटर बघा, ३२ च्या वर किंवा १५ च्या खाली गेलं की गळतात. मिरचीचं बूड काळं पडून कुजलं तर तो रोग नसतो, पाणी कधी धो धो कधी कोरडं झाल्याने कॅल्शियम पोचत नाही तो प्रकार.

किडीचं म्हणाल तर मावा आणि लाल कोळी हे दोन. हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी की कोळ्याची चंगळ. पान उलटं करून बघत जा, खाली बारीक जाळं आणि वरून सुई टोचल्यासारखे ठिपके दिसले की झाड उचलून बाथरूममध्ये न्यायचं आणि पानांच्या खालून शॉवर. मग सौम्य साबणाचं पाणी, लाईट बंद असताना, दर चार दिवसांनी तीन वेळा. एकदा करून सोडलं तर अंडी राहतात आणि दहाव्या दिवशी परत पहिल्यासारखं. मातीतून चिलटं उडत असतील तर पिवळे चिकट सापळे लावा आणि, परत तेच, पाणी कमी करा.

विजेचं एक सांगतो. पॉवर स्ट्रिप जमिनीवर ठेवू नका, भिंतीला वर लावा, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबकळू द्या म्हणजे ओघळ आला तर थेंब तिथून खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही.

कढीपत्ता पण यात ठेवता येतो का, सगळे विचारतात. येतो, कोपऱ्यात ठेवा, हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद, खत अजिबात नाही.

वेळेचं गणित असं की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर साडेतीन-चार महिन्यांनी पहिल्या हिरव्या मिरच्या हातात येतात. यंदा भोगीच्या भाजीला नऊ मिळाल्या. बाहेर उणे अठरा होतं, मी चपला घालून खाली गेलो आणि तोडून आणल्या. भाजीत सहाच घातल्या, तीन मी जेवताना भाकरीबरोबर मीठ लावून खाल्ल्या आणि दुसरी खाल्ल्यावर पंधरा मिनिटं कोणाशी बोलू शकलो नाही.