परतीचा पाऊस ओसरला, आता वाफे धरा

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या भागातून पाऊस सरासरी 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. शहापूर-मुरबाडचं शेत असो की ऐरोली-खारघरची गच्ची, भाजीपाल्याची बाग धरायला वर्षातला सर्वांत चांगला काळ तिथून सुरू होतो. जूनमध्ये हौसेनं पेरलेली मेथी-कोथिंबीर आपल्याकडच्या धारांखाली झोडपून निघते, कुजते. आता जमिनीत ओल आहे, ऊन भरपूर आहे. हवेतला दमटपणा उतरत जातो तशी बुरशी कमी पडते, आणि पुढे थंडीचे महिने हाताशी असतात.

ऑक्टोबरचं ऊन मात्र जपा. पारा 35 अंशांच्या आसपास असताना कोवळी रोपं उघड्यावर लावू नका. टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी आत्ताच गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, किंवा ट्रेमध्ये टाका आणि दुपारी वर हिरवी जाळी धरा. चार-पाच आठवड्यांत रोपं लावणीला येतात, तोवर ऊनही नरमतं. मेथी, मुळा थेट पेरा; मेथी महिन्याभरात काढणीला येते. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाका करून घ्या.

गच्चीवाल्यांनो, जुनी कुंडी तशीच वापरू नका. चार महिन्यांच्या पावसात तिच्यातली अन्नद्रव्यं वाहून गेलेली असतात, माती दगडासारखी बसलेली असते. ती उपसा, उन्हात वाळवा, एक तृतीयांश शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. जागा दक्षिणेकडची निवडा, हिवाळ्यात सूर्य तिकडे कललेला असतो. खाडीकाठच्या भरावावर किंवा खाऱ्या बोअरच्या पाण्यावर वाल-घेवडा तग धरत नाही. तिथे पालक आणि बीट घ्या.

भातशेतकऱ्यांना आग्रहानं सांगणं आहे ते वालाचं. कापणी झाली की खाचर मोकळं ठेवू नका. मागे राहिलेल्या ओलीवर वाल निघतो, पाणी द्यायची सोय नसली तरी. पण ओल उडायच्या आत पेरला पाहिजे, कापणीनंतर आठवडा दवडलात तर उगवण विरळ होते. बियाण्याला किलोमागे 25 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणूखत चोळून सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. त्यानं मुळांवर गाठी धरतात, हवेतलं नत्र जमिनीत येतं, त्याचा फायदा पुढच्या भातालाही होतो. फुलोऱ्याच्या सुमारास शेंड्यांवर काळा मावा ही कीड दिसली, तर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, मधमाश्या परतल्यावर.