रुक्मिणी कोण करणार? संगीत नाटकाची नायिका निवडताना

जुनं संगीत नाटक पुन्हा उभं करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत नायिकेवरून दोन तट पडतात. एक म्हणतो, गाणारी घ्या, अभिनय करून घेऊ. दुसरा म्हणतो, नटी घ्या, गाणं बसवून घेऊ. ठाण्याच्या घंटाळीतल्या कुणाच्या घरी बैठक असो नाहीतर वाशीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये, वाद हाच असतो. वाद व्हायलाच हवा, कारण संगीत नाटक नायिकेच्या गळ्यावर उभं राहतं किंवा पडतं. पण संहिता न उघडता वाद घातला तर तो नुसत्या आवडीनिवडीचा होतो आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची नायिका ठरते.

म्हणून नावं घेण्याआधी भूमिकेचा हिशेब मांडा. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधली सिंधू, रांगणेकरांच्या ‘कुलवधू’मधली भानुमती आणि कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’मधली सत्यवती या चारही गाणाऱ्या नायिका, पण चौघींची मागणी वेगळी. रुक्मिणीची पदं भास्करबुवा बखल्यांनी 1916 साली रागदारीच्या भक्कम पायावर बांधली. तिथे तालमीत तयार झालेला गळा नसेल तर बाकी सगळं फुकट. सिंधू 1919 सालची. तिचा भार गद्यावर आणि सोसण्यावर आहे. ‘कशि या त्यजू पदाला’ सुरेल पण कोरडं झालं तर त्या प्रवेशाचा जीवच जातो. भानुमती 1942 सालची, घरातल्यासारखं बोलणारी; तिची पदं आटोपशीर, पण बोलण्यातून गाण्यात शिरताना सांधा दिसता कामा नये. सत्यवतीला कोळ्याच्या मुलीपासून राजमातेपर्यंतचा प्रवास एकाच गळ्यात दाखवायचा असतो. ‘गाणारी की नटी’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. नाटक ठरलं की उत्तर निम्मं ठरतं. आमचं मत स्पष्ट आहे: रुक्मिणीला गायिका, सिंधूला नटी, आणि भानुमतीला दोन्हींत सारखी असणारी, मग ती दोन्हींत पहिली नसली तरी चालेल.

हिशेबासाठी मोठ्या वहीचं आडवं पान घ्या. नायिकेच्या प्रत्येक पदासाठी एक ओळ: राग, ताल, सर्वांत वरचा स्वर, किती मिनिटं चालेल, पदाआधी ती काय करते (धावत येते, रडते, बसलेली आहे) आणि पद संपल्यावर किती ओळी बोलते. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण सोडून देतात, आणि नायिका नेमकी तिथेच सापडते. पद उत्तम झालं, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या लांब वाक्यात श्वास तुटला, असं होतं ते यामुळे. जुने प्रयोग रात्रभर चालत. आताचा प्रयोग तीन तासांत बसवावा लागतो. नायिकेच्या एकट्या गाण्याची बेरीज 40 मिनिटांपुढे गेली तर पदं कमी करा किंवा एकेका पदाची लांबी आवरा, आणि तेही चाचणीच्या आधी. ज्या नाटकांचे हक्क अजून चालू आहेत, त्यांत पद गाळण्यापूर्वी हक्कदारांची लेखी परवानगी घ्या.

आता पट्टीचा, म्हणजे ‘सा’ कुठल्या सुराला धरायचा याचा प्रश्न, ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ‘स्वयंवर’ची पदं रुक्मिणी करणाऱ्या बालगंधर्वांच्या गळ्यासाठी बांधलेली आहेत, म्हणजे पुरुषाच्या आवाजासाठी. आज स्त्री गाते तेव्हा ती साधारण काळी तीन ते काळी पाच (ऑर्गनवरची तिसरी ते पाचवी काळी पट्टी) यांमध्ये गाते आणि कृष्ण काळी एकच्या आसपास. समजा नायिकेची पट्टी काळी चार आणि कृष्णाची काळी एक. मग तिचा मध्यम (म) म्हणजेच त्याचा षड्ज (सा). काळी एकला लावलेल्या एकाच तबल्यावर दोघांचं भागेल असं वाटतं आणि काही पदांत भागतंही. ‘मम आत्मा गमला’ बिहागात आहे, ‘स्वकुल तारक सुता’ भीमपलासात; दोन्हींत शुद्ध मध्यमाला मान आहे. पण ‘नाथ हा माझा’ यमनात आहे. तिथे शुद्ध मध्यम वर्ज्य आणि तीव्र मध्यम हवा, त्यामुळे तबल्याचा प्रत्येक ठोका रागाला टोचत राहतो. गायिका बेसूर नसते, पण ऐकणाऱ्याला ती बेसूर वाटते, आणि बैठकीत तिच्यावर फुली पडते. काळी चारच्या षड्जाला लावलेला मोठ्या तोंडाचा दुसरा तबला चाचणीच्या दिवशीच जवळ ठेवा. पट्टी मात्र उमेदवाराला विचारून ठरवू नका. घरी तानपुऱ्याच्या ॲपवर जी पट्टी सोयीची वाटते, ती उभ्यानं, नऊवारीत, तिसऱ्या अंकात सोयीची राहतेच असं नाही. ऑर्गनवाल्याला सांगून पद आधी अर्ध्या सुरानं खाली आणि मग अर्ध्या सुरानं वर गाऊन घ्या. खाली गाताना शब्द विरले किंवा वर गाताना जबडा आवळला, तर खरी पट्टी कुठे आहे ते तुम्हाला कळेल.

चाचणीला तीन-चार जणींपेक्षा जास्त बोलावू नका. प्रत्येकीला किमान पाऊण तास लागतो. शाळेचा हॉल पुरतो, मात्र माईक नको. संहितेतला उतारा आणि पद तीन दिवस आधी पाठवा. पद तुम्ही ठरवलेलं असू द्या. आवडीचं पद सगळ्याच चांगलं गातात, त्यातून काही कळत नाही.

सुरुवात गद्यानं करा, आधी गाणं ऐकूच नका. चांगलं गाणं एकदा कानात शिरलं की पुढचं बोलणंही चांगलंच वाटायला लागतं. पंधरा-वीस ओळींचा उतारा म्हणायला लावा आणि एकाला शेवटच्या रांगेत बसवा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि दम कमी पडला की तेच गिळलं जातं. ‘जाणार’ की ‘जाणार नाही’ हे मागच्या माणसाला कळलं नाही तर नाटकच कळलं नाही. ‘चंद्र’ आणि ‘चाफा’ यांतले दोन वेगळे च, न-ण, श-ष हे सगळं इथेच ऐकून घ्या. उच्चार तालमीच्या आठ आठवड्यांत सुधारतात. वाक्याच्या शेवटी पडणारा आवाज सुधारायला जास्त वेळ लागतो.

मग पद. पहिल्यांदा तीन मिनिटांत संपवायला सांगा, नंतर तेच सात मिनिटं. जुन्या 78 गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत, आणि तेवढ्यात मुखडा, अंतरा, दोन-चार आलाप, तान आणि परत सम (तालाची पहिली मात्रा) असं सगळं बसवलेलं ऐकू येतं. हा आटोप ज्या गळ्यात नाही, ती गायिका प्रयोगात वीस मिनिटं जास्त खाईल. सात मिनिटांच्या फेरीत उलट पाहायचं: विस्तार करताना तिला शब्दाचा अर्थ धरून ठेवता येतो का, की तालाच्या चौथ्या आवर्तनानंतर नुसता ‘आ’कार उरतो? नाट्यपद म्हणजे मैफलीतली बंदिश नव्हे. तान शब्दावरून निघून शब्दावर आली पाहिजे. बालगंधर्वांच्या हरकती जशाच्या तशा उतरवणारी मुलगी ऐकायला गोड वाटते, पण पदातली एखादी जागा (ठरावीक हरकत) बदलायला सांगा. अडली तर तिला पद येत नाही, फक्त रेकॉर्ड पाठ आहे.

तिसरी फेरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच वेळ नाही म्हणून गाळली जाते. नऊवारी नेसवा, कमरपट्टा बांधा, समोर दुसरा नट उभा करा. आठ ओळी गद्य, लगेच पद, लगेच दहा ओळी गद्य. मध्ये पाणी नाही. त्यातच एकदा खाली बसून उठायला लावा. पोटावर पट्टा असला की श्वास वर चढतो, खांदे उचलले जातात आणि तारसप्तक पातळ होतं. हे पंजाबी ड्रेसमध्ये कधीच दिसत नाही. इथे कान थोडा बाजूला ठेवून डोळ्यांनी पाहा. ऑर्गन मधली जागा भरत असताना ती काय करते? कृष्णाला उद्देशून असलेलं पद प्रेक्षकांना गाते का? तान घेताना चेहरा वाकडा होतो का? पद संपल्यावर पुढचं वाक्य गाण्याच्याच सुरात सुरू झालं तर काळजी नको, तालमीत ते सुटतं. पण ती टाळीची वाट पाहत थांबली तर ती सवय लवकर जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकीला पाच मिनिटं फोन करा. आवाज बसलेला असेल तर तिनं आदल्या दिवशी गळा ताणला होता. शनिवारी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला प्रयोग आणि रविवारी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोग असा जोड आला, तर हाच गळा रविवारी उभा करायचा आहे.

बैठकीआधी प्रत्येकानं गुण कागदावर लिहून द्यावेत. रुक्मिणीसाठी गद्य 20, गाणं 35, सांधा (गद्यातून गाण्यात आणि परत) 30, टिकाव (गळा किती टिकतो) 15 अशी वाटणी आम्हाला योग्य वाटते. सिंधूसाठी गद्य 40 आणि गाणं 15 करा, बाकी तसंच. बैठकीत पाच ते सात जण असावेत, त्यांत ऑर्गनवाला आणि तबलजी नक्की. लय कुठे सुटली हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. उमेदवाराचे गुरू आणि घरचे बैठकीत नकोत. सर्वांत नवा माणूस आधी बोलेल, दिग्दर्शक सर्वांत शेवटी. नाहीतर बाकीचे दिग्दर्शकाचंच म्हणणं फिरवून सांगतात. आणि प्रत्येक मत चाचणीतल्या एखाद्या ठरावीक जागेला बांधलेलं हवं: ‘ती भारी आहे’ नव्हे, ‘अंतऱ्यानंतरच्या तिसऱ्या ओळीत तिचा दम तुटला’.

काही मुद्दे हमखास येतात. ‘नाव आहे, तिकिटं जातील’: पहिल्या दोन प्रयोगांची जातील, पुढचे प्रयोग ऐकीव कौतुकावर चालतात, आणि नावाची नटी तालमीला किती वेळ देईल हे आधी लेखी घ्या. ‘वय जास्त आहे’: रंगमंचावरून वय अंतरामुळे झाकलं जातं, दमलेला गळा झाकला जात नाही. ‘अभिनय शिकवू’: हालचाली, थांबे, नजर आठ आठवड्यांत शिकवता येतात. ‘गाणं शिकवू’: चाल बसवता येते, दमसास आणि लयीची पकड तेवढ्या वेळात येत नाही. म्हणूनच रागदारीच्या नाटकात आम्ही गळ्याच्या बाजूनं झुकतो.

गुण बरोबरीत आले तर तालमीची हजेरी पाहा. अडीच तासांच्या 40 तालमी धरल्या तर किमान 32 तिला जमल्या पाहिजेत. घोडबंदर रोडवरून संध्याकाळी निघणारी, पनवेलहून येणारी आणि डोंबिवलीची, तिघींचं वेळापत्रक वेगळं. तालमीची जागा ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर ऐरोली किंवा कोपरखैरणे स्टेशनजवळ घेतली तर ठाणे आणि वाशी दोन्हीकडून गाडी बदलावी लागत नाही. तालीम साडेनऊला संपवायचीच. परतीची धास्ती असलेली नटी शेवटचा अर्धा तास मनानं तिथे नसते.

निर्णय झाला की बाकीच्यांना त्याच दिवशी फोन करा, कारण सांगा. दुसऱ्या क्रमांकाच्या गायिकेला पर्यायी नायिका म्हणून घेणार असाल तर दर चार प्रयोगांमागे एक प्रयोग तिचा, हे आधीच ठरवा. नुसती विंगेत बसवलेली पर्यायी नायिका ऐन वेळी उभी केली की पदं आठवतात, रंगमंचावर उभं राहायच्या जागा आठवत नाहीत.

पहिले दहा दिवस पदं न गाता फक्त गद्य बसवा. पदाच्या जागी शब्द नुसते बोलून घ्या. नंतर पूर्ण आवाजात गाणं आठवड्यातून तीनदाच, बाकीच्या दिवशी गुणगुणून. रंगीत तालमीला माईक हाराखाली लावू नका. मोत्यांची खरखर थेट स्पीकरवर जाते. केसांच्या कडेला, कपाळाजवळ लावा आणि ऑर्गनपासून तिची जागा निदान आठ फूट ठेवा.