बी-कॉम्प्लेक्सची गोळी, ऑडिओ केबल आणि हिरवा उजेड

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी पिवळीधमक होते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा. त्याच्या पाण्यावर निळा उजेड टाकला की ते हिरवट उजेड परत देतं. 450 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषायचा आणि 530च्या आसपासचा सोडायचा, हा फ्लुओरेसन्स. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. हा हिरवा उजेड ऑप्टिकल फायबरने मोजायचा प्रयोग मी मुलांकडून दरवर्षी करून घेते, कारण प्रकाश हाताळायचं कसब त्यातून जितकं येतं तितकं दुसऱ्या कशातून येताना मी पाहिलं नाही.

फायबर कुठून आणायचं? टीव्हीला साउंडबार जोडायची ऑप्टिकल ऑडिओ केबल घ्या. तिच्यात 1 मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिकचं फायबर असतं. काचेच्या फायबरपेक्षा ते आपल्या कामाला बरं: जाड असल्यामुळे उजेड भरपूर घेतं आणि ब्लेडने कापता येतं. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन तुकडे करा. एक निळा उजेड खाली द्रावणात नेईल, दुसरा हिरवा वर आणेल. निळा एलईडी, उजेडाचा विद्युतप्रवाह करणारा बीपीडब्ल्यू 34 फोटोडायोड, तो प्रवाह मोजता येईल अशा व्होल्टेजमध्ये बदलणारी सीए 3140 आयसी आणि 10 मेगओहमचा रेझिस्टर लागेल. आम्ही हे सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणतो.

आता टोकं. इथे घाई करू नका. नव्या ब्लेडने फायबर काटकोनात, एकाच दाबात कापा. मग सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून टोक इंग्रजी आठच्या आकारात घासा: आधी 600 नंबरचा, मग 1000, शेवटी 2000 नंबरचा ओला करून. भिंगातून पाहिलं की टोक पाण्याच्या थेंबासारखं स्वच्छ दिसायला हवं. ओरखडा राहिला तर निळा उजेड तिथूनच विखुरतो.

पाण्यात बुडणाऱ्या टोकांवरचं काळं आवरण सेंटिमीटरभर सोला आणि दोन्ही उघडी टोकं एकमेकांना चिकटून, एका पातळीत बांधा. याचं कारण साधं आहे. या फायबरमधून पाण्यात उजेड मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला साधारण 22 अंशांपर्यंत, शंकूसारखा पसरतो. आवरण ठेवलं तर दोन गाभ्यांमध्ये सव्वा मिलिमीटरचं अंतर राहतं आणि दोन्ही शंकू टोकापासून दीड मिलिमीटर खाली गेल्यावरच एकमेकांना भेटतात. सोललेली टोकं चिकटवली तर अगदी टोकापाशीच भेटतात, आणि सगळ्यात जास्त हिरवा उजेड तिथूनच मिळतो. बांधायला दोरा वापरा. पहिल्या वर्षी मी इपॉक्सीने चिकटवलं होतं आणि साध्या पाण्यातही आकडा वर चढलेला राहायचा. दोन दिवस सर्किट तपासलं, सोल्डर पुन्हा केलं. शेवटी कळलं की निळ्या उजेडात इपॉक्सी स्वतःच चमकत होतं.

एलईडीचं घुमटासारखं डोकं घासून सपाट करा आणि फायबर जितकं जवळ नेता येईल तितकं न्या. 5 व्होल्टवर 100 ओहमचा रेझिस्टर पुरतो. निळ्या एलईडीच्या उजेडात थोडा हिरवाही असतो. तो आधीच अडवला नाही तर पुढे आपल्या हिरव्यात मिसळतो आणि वेगळा करता येत नाही. म्हणून एलईडी आणि फायबरच्या मध्ये निळा जिलेटिन पेपर, आणि फोटोडायोडसमोर गडद पिवळा. नाटकाच्या लाइटवाल्यांकडे याचे तुकडे सहज मिळतात. दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीकडे पाहा. जवळजवळ काळोख दिसला तर जोडी जमली.

फोटोडायोडचा प्रवाह नॅनोअँपिअरचा असतो. सीए 3140 आणि 10 मेगओहम वापरले की 1 नॅनोअँपिअरचे 10 मिलिव्होल्ट होतात आणि साधा मल्टिमीटर ते दाखवतो. रेझिस्टरला समांतर 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, ट्यूबलाइटची थरथर निघून जाते. या आयसीला वीज दोन 9 व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून द्या. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट केव्हाही जाते, पण त्याहून मोठं कारण म्हणजे अ‍ॅडॉप्टरचा गोंगाट आकड्यात उतरतो.

सगळं झाकायला काळं कापड पुरेल असं वाटतं. पुरत नाही. पुष्कळशा सिंथेटिक काळ्या कापडांतून अवरक्त किरण आरपार जातात, आपल्याला दिसत नाहीत, पण फोटोडायोडला चांगले दिसतात, आणि जिलेटिनही त्यांना अडवत नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा वापरा. मोजताना द्रावणाची बाटली आतून काळी हवी आणि टोकाखाली निदान तीन-चार सेंटिमीटर पाणी हवं, नाहीतर तळावरून निळा उजेड परततो.

द्रावण असं करा. गोळीच्या पाकिटावर रायबोफ्लेविन किती ते लिहिलेलं असतं. 10 मिलिग्रॅमची असेल तर वरचा रंगीत लेप पुसून, कुटून, लिटरभर कोमट पाण्यात विरघळवा आणि फिल्टर पेपरमधून गाळा. त्यातले 100 मिलिलिटर घेऊन पुन्हा लिटरभर करा, म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम झालं. पुढे दर वेळी निम्मं करत जा.

एलईडी दहा मिनिटं तापू द्या आणि मग तीन आकडे घ्या: एलईडी बंद असताना, चालू करून साध्या पाण्यात, आणि चालू करून द्रावणात. गेल्या खेपेचे आमचे आकडे: बंद असताना 4.1 मिलिव्होल्ट, साध्या पाण्यात 6.2, 1 मिलिग्रॅमला 19.0, अर्ध्याला 12.7, पावाला 9.4. साध्या पाण्याचा आकडा वजा केला की 12.8, 6.5 आणि 3.2 उरतात. आलेख सरळ रेषेत येतो, आणि मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसतो त्यासाठीच मी हा प्रयोग सोडत नाही. बंद एलईडीचा आकडा मधूनमधून पुन्हा घ्या. तो वाढला तर डब्याला कुठेतरी फट आहे.

मूळच्या 10 मिलिग्रॅमच्या द्रावणात मात्र दहापट आकडा येत नाही. दाट द्रावणात निळा उजेड वाटेतच बराच शोषला जातो, लांबच्या रेणूंपर्यंत कमी पोहोचतो. रेषा वाकली की घाबरू नका, पातळ करा.

आणि बाटली खिडकीत ठेवू नका. एका वर्षी सकाळी बरोबर आलेले आकडे दुपारी निम्म्यावर आले आणि एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझ्या हातून सर्किट बिघडलं." सर्किट ठीक होतं. रायबोफ्लेविन उन्हात मोडतं. तेव्हापासून प्रयोगाचा दुसरा भाग तिच्यामुळेच ठरला: एक बाटली अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायची, दुसरी पारदर्शक बाटली उन्हात ठेवायची, आणि दर दहा मिनिटांनी दोन्हींतलं द्रावण पाळीपाळीने काळ्या बाटलीत घेऊन मोजायचं आणि आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहायचे. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना टोक आणि काळी बाटली साध्या पाण्याने धुऊन घ्या.