अडखळणारा राजा रंगवताना

ब्रिटनचा तोतरा राजा सहाव्या जॉर्जची भूमिका हाती आली की पहिल्याच वाचनात नट 'क-क-क' सुरू करतो. तिथेच त्याला थांबवा. तोतरेपणात अक्षर पुन्हा पुन्हा येतं, कधी लांबतं, कधी आवाजच अडतो. या राजाच्या ध्वनिमुद्रणांत मुख्यतः अडणंच ऐकू येतं. 3 सप्टेंबर 1939चं, युद्ध जाहीर झाल्या दिवशीचं रेडिओवरचं भाषण जेमतेम चारशे शब्दांचं, पण त्याला साडेपाच मिनिटांच्या आसपास लागतात. तालमीआधी ते दोनतीनदा ऐका.

अडणं बसवायचं ते असं. 'क', 'ग'साठी जिभेचा मागचा भाग टाळूला टेकवा आणि तिथेच धरा. 'प', 'ब'साठी ओठ मिटलेले ठेवा. दोन सेकंद, घड्याळ लावून. रंगमंचावर दोन सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून नट अर्ध्यातच सुटतो किंवा तोंड सैल सोडतो, आणि प्रेक्षकाला वाटतं, हा वाक्य विसरला. विसरलेल्याची नजर भिरभिरते. अडलेल्याच्या तोंडात मात्र शब्द तयार असतो, जबडा ताठ होतो, नजर एका जागी खिळते. ताण जीभ, ओठ आणि जबड्यातच ठेवा. गळा खरोखर आवळलात तर दोनचार तालमींत आवाज बसेल.

प्रत्येक वाक्यात अडायचं नाही. संहितेत जागा पेन्सिलीने आधीच ठरवा: परक्यांसमोर आणि मायक्रोफोनपुढे जास्त, स्वतःच्या मुलींशी बोलताना कमी, गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना जवळपास नाहीच. समोरच्या नटाने त्याचा शब्द पुरा करू नये, मानही डोलावू नये, नुसतं थांबावं. हे थांबणं स्वतंत्रपणे बसवावं लागतं.

सुधारणेचा काळ बहुतेक नाटकांत चुकतो. लंडनमधल्या वेम्बलीच्या प्रदर्शनातलं फसलेलं भाषण 31 ऑक्टोबर 1925चं, वाचा-उपचारक लायनल लोगकडे उपचार सुरू झाले ऑक्टोबर 1926मध्ये, आणि 9 मे 1927ला ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात संसद भवनाच्या उद्घाटनाचं भाषण नीट पार पडलं. म्हणजे मोठा फरक काही महिन्यांतच पडला होता. त्यामुळे वेम्बलीच्या प्रवेशात दर वाक्याला अडा. 1939ला तीनचार जागा पुरेत.

1939च्या त्या भाषणात शब्दसमूहांमध्ये उभ्या रेघा मारा, लोग मारत असे तशा, आणि प्रत्येक रेघेवर पोटातून श्वास घ्या. एखादी जागा मात्र रेघ नसताना अडू द्या.