इम्पेलर नवा, तरी इंजिन तापतंय? बोटीचा पाण्याचा पंप उघडताना या चुका टाळा

मराठवाड्यात इम्पेलर हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. विहिरीवरच्या मोनोब्लॉकनं पाणी फेकणं कमी केलं की गावातलं पोरगंसुद्धा सांगतं, "इम्पेलर झिजला असंल." अडचण नेमकी इथंच सुरू होते. नाथसागरातल्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयातल्या बोटीचं पेट्रोल इंजिन तापतं म्हणून लोक घेऊन येतात, तेव्हा निम्म्या चुका शेतातल्या पंपाच्या सवयीनं झालेल्या असतात. नाव एकच, पण जात वेगळी.

मोनोब्लॉकचा इम्पेलर बिडाचा नाहीतर पितळेचा. तो गरगर फिरून पाणी बाहेर फेकतो, बाजूला कुठं घासत नाही. बोटीच्या इंजिनात, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या वर, खालच्या गिअरबॉक्सच्या माथ्यावर बसतो तो रबराचा. बहुधा सहा लवचिक पाती असतात, आणि तो ज्या वाटीत फिरतो ती वाटी शाफ्टच्या मधोमध नसते, मुद्दाम एका अंगाला सरकवलेली असते. त्यामुळं पाती एकीकडं उलगडतात तेव्हा पाणी ओढतात, दुसरीकडं दबतात तेव्हा ते वर इंजिनाकडं ढकलतात. म्हणजे रबर सतत धातूला घासत असतं आणि मधलं वंगण एकच, पाणी. शेतातला पंप कोरडा चालला तर ग्लँडची दोरी जळते. ती बदलायची, पाणी भरायचं, पंप पुन्हा चालू. बोटीचा पंप कोरडा चालला तर मिनिटाच्या आतच पात्यांची टोकं जळायला लागतात.

"दोनच सेकंद लावून बघू"

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती मीही केली आहे. नवा इम्पेलर बसवला, इंजिन स्टँडवर होतं, मालक समोर उभे. "भाऊ, आवाज तर ऐकू द्या." मी दोरी ओढली. दोन सेकंदांचे वीस कधी झाले कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यात बोट टाकली तर पिचकारी अगदी मरतुकडी. उघडून बघितलं, तर पात्यांची टोकं काळी पडून चिकट झालेली. दुसरा इम्पेलर माझ्या पैशानं बसवला.

काठावर इंजिन तपासायचं असेल तर २०० लिटरचं टिपाड घ्या. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, तिच्याही वर पाणी येईल एवढं भरा. पाणी ओढायच्या जाळीवर लावायचे रबरी कप मिळतात, त्यांना नळी जोडूनही चालतं. पण आधी नळ सोडायचा, मग इंजिन. कप लावून रेस वाढवू नका आणि गिअर टाकू नका.

पिचकारी बंद म्हणजे इम्पेलर गेला, असं नाही

इंजिनाच्या मागून जी पाण्याची धार पडते तिला आपण पिचकारीच म्हणतो. ती बंद दिसली की लोक थेट पाने काढतात. थांबा. बोट दोन-चार महिने काठावर पडून असेल तर कुंभारीण माशी त्या बारीक भोकात मातीचं घर करते. भिंतीतल्या स्विचबोर्डाच्या भोकात करते तीच. जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) घ्या, भोकात आत-बाहेर करा. माती पडली आणि धार सुटली तर इम्पेलरचे पैसे वाचले. लोखंडी तार घुसवू नका, आतल्या रबरी नळीला भोक पडतं.

उलटंही होतं. एक मामा सांगत होते, "पिचकारी तर येऊ राहिली, पण भोंगा वाजतोय." भोंगा म्हणजे इंजिन तापल्याचा इशारा. मी धारेखाली हात धरायला सांगितला. पाणी कोमट लागलं पाहिजे. चटका बसत असेल किंवा धारेसोबत वाफ येत असेल, तर पाणी येतंय पण पुरेसं येत नाही.

आणि भोंगा वाजला म्हणून तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतू नका. इंजिनाचं हेड वाकतं, कधी तडकतं. इंजिन बंद करा, वर उचलून जाळीवर प्लास्टिकची पिशवी किंवा पाणवनस्पती अडकलीय का बघा. बऱ्याचदा तेवढंच असतं.

उघडताना

आधी स्पार्क प्लगच्या वायरी काढा. हातानं पंखा फिरवताना गरम इंजिन एखाद्या वेळी सुरू होतं, आणि बोटं तिथंच असतात. दुसरं, गिअर कुठं होता ते लिहून ठेवा. काही इंजिनांना न्यूट्रलमध्ये उघडायचं असतं, काहींना पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये. आपल्या इंजिनाचं पुस्तक सांगेल ते खरं. बसवताना गिअर त्याच जागी हवा, नाहीतर पंप ठीक आणि बोट मागं जाईना, अशी गत होते.

सगळे बोल्ट काढले तरी खालचं युनिट सुटत नाही, तेव्हा लोक टॉमी (छोटी पहार) घालून उचकटतात. अॅल्युमिनियमची कड लगेच मोडते. बहुधा एक बोल्ट राहिलेला असतो: काही मॉडेलमध्ये तो पंख्याच्या वर बसवलेल्या छोट्या पंखुडीसारख्या जस्ताच्या तुकड्याखाली लपलेला असतो. तो तुकडा काढण्याआधी त्याच्या तिरकेपणावर खडूनं खूण करा, नाहीतर नंतर बोट एका बाजूला ओढते. गिअरची कांडी सोडायचीही राहिलेली असते.

सहा पाती होती, हातात चार आली

जुना इम्पेलर काढला की आधी पाती मोजा. मोडलेली पाती हवेत विरत नाहीत. पाण्याच्या दाबानं ती वर नळीत जातात, वळणावर अडकतात किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी जाऊन बसतात. आपण खाली नवा इम्पेलर बसवतो, पिचकारी दोन दिवस मस्त येते, तिसऱ्या दिवशी तुकडा सरकतो आणि धरणाच्या मधोमध इंजिन तापतं. मग वल्ही.

म्हणून सगळे तुकडे सापडेपर्यंत काम झालं असं समजू नका. पाण्याची नळी काढून आरपार बघा. खालून नळाचं पाणी उलटं सोडा. थर्मोस्टॅटचं झाकण उघडा. तुकडे जुळवून मी जमिनीवर अख्खं पातं तयार करतो, घासाघीस करणारं गिऱ्हाईक असेल तर त्याच्यासमोरच. वेळ जातो, पण हे काम पुन्हा अंगावर येत नाही.

फक्त रबर बदलणं

जायकवाडी हे मातीचं धरण, १९७६ मध्ये पुरं झालेलं. जलाशय पसरट आहे, लांबी ५५ किलोमीटरच्या आसपास, पण खोली त्या मानानं कमी. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि काठाला काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. त्या गुडघाभर पाण्यात इंजिन लावलं की पंप पाण्याऐवजी पातळ चिखल ओढतो. बारीक वाळू रबराबरोबर वाटीवर आणि वाटीखालच्या स्टीलच्या पट्टीवर फिरते, पॉलिश पेपरसारखी.

त्यामुळं आपल्याकडं नुसता इम्पेलर बदलून भागत नाही. वाटीवरून आणि पट्टीवरून नख फिरवा. नख चरीत अडकलं तर वाटी, पट्टी, पॅकिंग असा सगळा संच बदला. नव्या इम्पेलरच्या कडेनं पाणी निसटत राहिलं तर वेगात सगळं ठीक दिसतं, पण जाळं ओढताना हळू चालवलं की इंजिन तापतं. उथळ पाण्यात वल्ह्यानं बाहेर या आणि मग इंजिन लावा, हे मी सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

पडून राहिलेल्या इंजिनांचा प्रकार वेगळा. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना आणि मांजरेच्या काठानं बचावाच्या बोटी फिरल्या. अशी इंजिनं नंतर वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहतात. पाती एकाच बाजूला दबून तशीच वाकडी होतात, वर आपला उन्हाळा. रबर कडक होतं. चालवलं नाही म्हणून इम्पेलर नवाच आहे, हा हिशेब चुकतो. १०० तास किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा उघडून बघायचंच, आणि गाळात चालणारं इंजिन असेल तर त्याआधी.

बसवताना

इम्पेलरला शाफ्टशी अडकवणारी छोटी चावी जागेवर धरायला ग्रीसचा ठिपका पुरे. पण रबराला ग्रीस चोपडू नका, बऱ्याच ग्रीसनं रबर फुगतं. भांडी घासायचा पातळ साबण किंवा ग्लिसरीन लावा. वाटी खाली दाबताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेनं फिरवत राहा. बहुतेक इंजिनांत तीच चालायची दिशा असते. पाती एका बाजूला व्यवस्थित झोपतात. एकदा बसल्यावर शाफ्ट उलटा फिरवायचा नाही.

वाटी प्लास्टिकची असेल तर बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. "अजून एक आटा" म्हणून जोर लावला की तडा जातो, आणि तो वरून दिसतही नाही.

आता युनिट वर चढवायचं. पाण्याची नळी पंपाच्या रबरी बुशात नीट शिरली पाहिजे. ती बाजूला टेकली की पंप जीव तोडून पाणी फेकतो आणि ते सगळं आतल्या आतच सांडतं. नवा इम्पेलर बसवूनही तापणारी माझ्याकडं आलेली इंजिनं बहुतेक यातलीच. आरसा आणि टॉर्च वापरा.

शाफ्टच्या दात्यांना बाजूनं ग्रीस लावा, टोकावर नको. टोकावरचं ग्रीस वर अडकतं आणि शाफ्ट पुरता बसत नाही. आणि शेवटी बोटभर फट राहिली तर बोल्टांनी ओढून घेऊ नका. दाते जुळलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पंखा किंचित फिरवा, युनिट आपोआप वर सरकतं. बोल्टांनी ओढलंत तर शाफ्ट वरच्या क्रँकला दाबतो, आणि ते काम इम्पेलरच्या शंभरपट महाग.

तरीही तापत असेल तर

थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाका. पाणी उकळेपर्यंत तो उघडला नाही तर गेला. जुन्या पॅकिंगचे कागद तळाशी राहिलेत का बघा. गिअरचं ऑइल दुधासारखं दिसत असेल तर ती वेगळी तक्रार आहे, पंख्याच्या शाफ्टला गुंडाळलेलं तंगूस सील कापतं. पण युनिट खाली आलंच आहे तर तेही बघून घ्या.

सुटा भाग मागवताना इंजिनाचा नंबर द्या, नुसतं "पंधरा हॉर्सपॉवर" सांगून चालत नाही. ट्रॅक्टरच्या दुकानात हा मिळत नाही. मला बहुतेक वेळा मुंबईहून मागवावा लागतो, आणि पार्सलला लागायचे तेवढे दिवस लागतात. म्हणून एक संच जास्तीचा घेतो. तो बोटीत पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवू नका. घरात, सावलीत, डब्यात.